नगरपरिषदेची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून काय करावं? विजेट विकत घेण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा: 'ब' वर्ग नगरपरिषद, संगणक विभागात तुम्ही एकटेच. मुख्याधिकारी साहेबांनी फाइलवर "वेबसाइट दिव्यांगांसाठी सुलभ करून घ्यावी" असा शेरा मारलाय, आणि एका एजन्सीने वार्षिक वर्गणीवर मिळणारं एक विजेट सुचवलंय. ते घ्यावं का? नसेल तर सुरुवात कुठून करावी? आणि देखभालीचा करार मार्चमध्ये संपतोय, तर नव्या निविदेत काय लिहावं?

विजेट घेऊ नका. ते लावलं की पानाच्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह येतं. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात, एक आवाज पान वाचायला लागतो. बैठकीत दाखवायला झकास. पण ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्या फोनवर टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवर एनव्हीडीए असा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीपासून चालूच असतो, त्याशिवाय तो तुमच्या साइटपर्यंत पोचलाच नसता. त्यात तुमचा दुसरा आवाज सुरू झाला की दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. ज्याला कमी दिसतं त्याने ब्राउझरचं झूम केव्हाच शिकून घेतलेलं असतं. आणि नाव नसलेलं बटण, फोटोत अडकलेला मजकूर, स्कॅन केलेली पीडीएफ या खऱ्या अडचणींना विजेट हातही लावत नाही. अमेरिकेत असं साधन विकणारी एक कंपनी "हे लावा, साइट मानकांत बसली म्हणून समजा" असं सांगत फिरत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरायला लावले.

आता सुरुवातीचं. मी बरीच वर्षं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साइट तपासण्याचं काम करतोय आणि माझं मत असं झालंय की निम्म्याहून जास्त अडचण वेबसाइटवर जन्मालाच येत नाही. ती टपाल टेबल, टायपिंग आणि स्कॅनर यांच्या मधल्या रस्त्यात तयार होते आणि साइटवर फक्त येऊन पडते. म्हणून सगळ्यात आधी कागदाचा प्रवास बघा.

तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचा असतो. त्यातून अर्थसहाय्यासाठी अर्ज मागवायची जाहीर सूचना निघते. लिपिक ती कॉम्प्युटरवर टाइप करतो. प्रिंट निघते. साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पेनने लिहिला जातो. मग ती स्कॅनरवर, बहुधा जराशी तिरकी, ठेवली जाते, आणि 'स्कॅन' असंच नाव असलेली पीडीएफ तुमच्याकडे येते. तुम्ही ती "नवीन सूचना – येथे क्लिक करा" अशा लिंकखाली चढवता. वॉर्डातला एखादा अंध माणूस ती फोनवर उघडतो. टॉकबॅक फाइलचं नाव सांगतो, पान १ म्हणतो आणि गप्प बसतो. कारण त्या फाइलमध्ये एकही अक्षर नाही, कागदाचा फोटो आहे. सूचना त्याच्यासाठीच होती, शेवटची तारीख निघून गेली.

यावर उपाय फुकट आहे. मूळ टाइप केलेली फाइल कार्यालयात असतेच. साहेबांकडून एका परिच्छेदाचा कार्यालयीन आदेश काढून घ्या: वेबसाइटवर टाकायच्या प्रत्येक कागदासोबत विभागाने युनिकोडमधली मूळ फाइल ई-मेल करायची, ती नसेल तर संगणक विभाग अपलोड करणार नाही. सूचनेचा मजकूर साइटवर साध्या पानावर चिकटवायचा आणि सही-शिक्क्याची स्कॅन प्रत त्याखाली जोडायची. "सही नसलेला मजकूर कसा टाकायचा?" ही शंका हमखास येईल, आस्थापनेतून तर नक्कीच. उत्तर सोपं आहे, सहीची प्रत तिथेच खाली आहे. वरचा मजकूर वाचायला आहे, खालची प्रत पुराव्याला.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, हा शब्द मुद्दाम घातलाय. अजूनही कितीतरी टेबलांवर कृतिदेव नाही तर श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात. त्यांत डोळ्यांना मराठी दिसतं, पण मशीनच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये 'कर' हा शब्द डी आणि जे या दोन कळांनी उमटतो. म्हणजे तुमच्या 'मालमत्ता कर' पानावर स्क्रीन रीडर 'कर'च्या जागी चक्क 'डीजे' म्हणतो. 'महारा'पर्यंत पोचायला "ई जी के जे के" ऐकावं लागतं. असा मजकूर गूगललाही सापडत नाही, त्यामुळे हा मुद्दा साहेबांना पटवताना फक्त दिव्यांगांचं नाव घ्यायची गरज नाही. युनिकोड वापरण्याच्या शासनाच्या सूचना जुन्याच आहेत. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथे ते हमखास घसरतात.

युनिकोडमध्ये टाइप केलं की पीडीएफ आपोआप चांगली होते, असं मात्र समजू नका. देवनागरीच्या पीडीएफमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा जागा सोडतात. छापलेलं व्यवस्थित दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की शब्द मोडतात. स्क्रीन रीडरला तेच मोडलेले शब्द ऐकू येतात. म्हणून जमेल तिथे पीडीएफ टाळून वेबपानच करा. दहा वर्षांचे ठराव आणि निविदा मात्र एकदम सुधारायला घेऊ नका, त्यात वर्ष जाईल आणि कुणी वाचणारही नाही. चालू वर्षाच्या सूचना, अर्जांचे नमुने, कराचे दर, नागरिकांची सनद एवढंच आधी करा. बाकीच्यासाठी "वाचता येईल अशी प्रत हवी असल्यास मागा" अशी ओळ, खाली ई-मेल आणि मोबाइल क्रमांक. मागणी आली की तेवढी एक फाइल करून द्यायची. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(४) मध्ये ज्ञानेंद्रियांचं अपंगत्व असलेल्या अर्जदाराला माहिती मिळण्यासाठी मदत करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर आहेच. तेव्हा हे काही नवीन ओझं नाही.

याच घराण्यातला दुसरा प्रकार म्हणजे फ्लेक्सच्या धर्तीवर केलेलं चित्र. "उद्या अमुक भागात पाणीपुरवठा बंद राहील" हा मजकूर वर तीन फोटो आणि खाली जलवाहिनीचं चित्र अशा सजावटीत जेपीजी करून व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि तोच साइटच्या स्लायडरवर बसतो. स्क्रीन रीडर सांगतो "इमेज". पाणी येणार नाही हे शहरात सगळ्यांना कळतं, त्याला सोडून. चित्र ठेवायचं तर ठेवा, पण खाली तारीख, वेळ, भाग आणि कारण अशा चार ओळी लिहा. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन, द्यायची सोय तुमच्या अॅडमिन पॅनलमध्ये बहुतेक असेलच, आणि बहुतेक ती रिकामी असेल.

आता साइटचं मूळ काम. मुखपृष्ठापासून सुरुवात करू नका, एक काम निवडा. मी नेहमी घरपट्टी निवडतो, कारण ती सगळ्यांना भरावी लागते आणि तिच्यात लॉगिन, शोध, तक्ता, पैसे, पावती असं सगळंच येतं. माउस काढून ठेवा. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा वापरून स्वतःच्या घराची पट्टी भरून बघा. आपण कुठल्या बटणावर आहोत हे स्क्रीनवर दिसतंय का? पुष्कळदा डिझाइनरने ती चौकट कुरूप दिसते म्हणून घालवलेली असते. प्रभाग निवडायची यादी कीबोर्डने उघडते का? दिसायला सुंदर, घरगुती बनावटीच्या याद्या हमखास उघडत नाहीत. ब्राउझरची साधी यादी नेहमी उघडते, तीच वापरायला सांगा.

मग एनव्हीडीए उतरवून घ्या, तो मोफत आहे. पुन्हा तोच प्रवास, या वेळी मॉनिटर बंद करून. मालमत्ता क्रमांकाच्या रकान्यावर आल्यावर तो "मालमत्ता क्रमांक" म्हणतो, की नुसतं "एडिट, ब्लँक"? दुसरं ऐकू आलं तर रकान्याला लेबल जोडलेलं नाही. रकान्याच्या आत फिकट अक्षरात सूचना लिहिली म्हणजे लेबल झालं, असा गैरसमज एजन्सीत फार आहे. टाइप करायला लागलं की ती सूचना नाहीशी होते. विसरभोळ्या माणसाचीही तिथे पंचाईत होते. चूक झाली तर साइट काय करते तेही बघा. नुसती लाल चौकट आली तर ज्याला ती दिसत नाही, किंवा लाल रंग ओळखू येत नाही, त्याला काहीच कळत नाही. "मोबाइल क्रमांक १० अंकी हवा" असं शब्दांत यायला हवं, आणि कर्सर तिथे जायला हवा.

जाता जाता, मराठी साइटचा खास रोग सांगतो. मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत टाइप करतो आणि फॉर्म म्हणतो "अवैध क्रमांक". डोळसाला निदान दिसतं तरी, अंध माणूस तोच आकडा पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो कारण त्याला तो बरोबरच ऐकू येतोय. दोन्ही अंक स्वीकारून आत बदलून घेणं प्रोग्रामरचं दोन ओळींचं काम आहे.

कॅप्चावर मी सगळ्यात जास्त भांडलोय. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, शेजारी काही नाही. अंध वापरणाऱ्यासाठी रस्ता इथेच संपतो, पुढचं कितीही चांगलं असलं तरी. आणि विचारा की हा कॅप्चा कशासाठी? आपलं बिल बघायला? सर्व्हरवर एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा घातली तरी तुमच्या शहराच्या वाहतुकीला ती पुरते. ओळख पटवायची असेल तर मोबाइलवर ओटीपी पाठवा. "सात अधिक पाच किती" असं मजकुरात विचारणं चित्रापेक्षा बरं, पण ज्यांना आकड्यांचा त्रास आहे त्यांना तिथेही अडवलं जातं. एजन्सी सुरक्षेचं कारण देईल. लेखी मागा.

पैसे भरायच्या पानावर दोन गोष्टी. पाच मिनिटांत सत्र संपत असेल तर ऐकत ऐकत पुढे सरकणारा माणूस मध्येच बाहेर फेकला जातो. आधी सूचना द्या आणि वेळ वाढवायला एक बटण द्या. दुसरं, नुसता क्यूआर कोड ठेवू नका. जो फोनवरच साइट बघतोय तो स्वतःच्या फोनचा क्यूआर स्वतःच्या फोनने कसा स्कॅन करणार? यूपीआय अॅप उघडणारी लिंक द्या. यात दिव्यांगांपेक्षा डोळस लोकच तुमचे जास्त आभार मानतील. पेमेंट गेटवेचं पान तुमच्या हातात नसतं हे खरं, पण कुठला गेटवे घ्यायचा हे असतं.

तांत्रिक गोष्टींपैकी पानाची भाषा ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. बहुतेक साइट इंग्रजी टेम्प्लेटवर उभ्या असतात आणि कोडच्या पहिल्या ओळीत भाषा 'इंग्रजी' तशीच राहून गेलेली असते. त्यामुळे स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी एक तर गाळतो किंवा भलतंच काही उच्चारतो. तिथे मराठीचा 'एमआर' हा कोड घालायचा, इंग्रजी पानांवर इंग्रजीचा. एका ओळीचा बदल आहे. हिंदीचा कोडही चालवून नेतात काही जण. मग आवाज हिंदी वळणाने मराठी वाचतो आणि ऐकणाऱ्याचे कान किटतात.

शीर्षकं खरी शीर्षकं म्हणून द्या, नुसती ठळक अक्षरं नकोत. स्क्रीन रीडर वापरणारा पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही, एच कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो. इन्सर्ट आणि एफ७ दाबून तो पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढतो. तुमच्या साइटवर ती यादी काढून बघा: "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, डाउनलोड, डाउनलोड". त्याऐवजी "जन्म दाखल्याचा अर्ज" असं लिहायला काहीच खर्च नाही.

रंग: साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा तरी फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं हा आपल्याकडचा लाडका प्रकार. ध्वजातल्या केशरी छटेवर पांढरं मोजलं तर जेमतेम २.१ भरतं. रंग सोडायला कुणी तयार होत नाही, मीही आता त्यात पडत नाही. अक्षरं गडद करा म्हणतो. वर सरकणारी "ताजी बातमी" पट्टी बंद करता आली पाहिजे, खरं तर नसलेलीच बरी.

आणि दिव्यांग म्हणजे फक्त अंध नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कर्णबधिर माणसाला तुमचा तक्रारीचा टोल फ्री क्रमांक काय कामाचा? तिथे एसएमएस किंवा व्हॉट्सअॅप आणि ई-मेल हवा. साहेबांच्या आवाहनाच्या व्हिडिओवर मराठी सबटायटल हवेत, आपोआप उमटलेले तपासून. ज्याचे हात थरथरतात त्याला खेटून बसवलेली बारकी बटणं नेमकी दाबता येत नाहीत. ज्याला वाचायला जड जातं त्याला "उपरोक्त विषयान्वये" कळत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही दोनदा वाचावं लागतं.

कायद्याचं बळ हवं असेल तर टिपणीत एवढं पुरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सुगम असण्याबद्दल आहे. कलम ४६ सेवा देणाऱ्याला त्या सुगम करायला नियम निघाल्यापासून दोन वर्षं देतं, आणि नियम निघाले जून २०१७ मध्ये. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत आणि पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारसवजा असून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. मानकं म्हणाल तर भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना, म्हणजे जीआयजीडब्ल्यू, तिसरी आवृत्ती, २०२३. ती डब्ल्यूसीएजी २.१ ची, म्हणजे वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, 'एए' पातळी मागते. भारतीय मानक आयएस १७८०२ हेही आहे. २०२५ च्या सुरुवातीच्या राज्य सरकारच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात वेबसाइट हा मुद्दा आल्यापासून अधिकाऱ्यांना हा विषय नवा नाही, त्याचा फायदा घ्या.

तपासणीसाठी वेव्ह किंवा अॅक्स ही साधनं ब्राउझरमध्ये मोफत चालतात. ती लेबल नसलेला रकाना पकडतात, पर्यायी मजकूर आहे की नाही ते सांगतात. तो मजकूर "इमेज १" असा असेल तर मात्र बहुधा पास करतात. म्हणून शेवटी माणूस हवा. तुमच्याच गावात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असलेले लोक आहेत, त्यांची यादी समाजविकास विभागात असते. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोघातिघांना बोलवा, घरपट्टी भरायला सांगा आणि गप्प बसून बघा. मध्येच "इथे दाबा" म्हणायचा मोह आवरा. त्यांना मानधन द्या. अर्धा दिवस चहा-बिस्किटावर फुकट राबवून घ्यायची आपल्याकडे वाईट सवय आहे.

आता निविदा. "वेबसाइट दिव्यांगस्नेही असावी" असं वाक्य लिहू नका, त्यावर कुणालाच धरता येत नाही. असं लिहा: साइट आणि तिच्यातल्या सर्व ऑनलाइन सेवा, पेमेंटच्या पानांसह, डब्ल्यूसीएजी २.१ 'एए' आणि जीआयजीडब्ल्यू ३.० मध्ये बसल्या पाहिजेत. स्वीकृती चाचणी फक्त कीबोर्डने, एनव्हीडीएने आणि अँड्रॉइडवर टॉकबॅकने होईल. नगरपरिषद निवडेल ते दिव्यांग वापरकर्ते ठरलेली कामं पार पाडतील, उदाहरणार्थ घरपट्टी भरणं, जन्म दाखल्याचा अर्ज, तक्रार नोंदवणं. ती कुणाच्या मदतीशिवाय पार पडल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. हा हप्ता २० टक्क्यांच्या खाली ठेवू नका, नाही तर एजन्सी तो सोडून देते. देखभालीच्या काळात सुगमतेची तक्रार ही 'बग' धरली जाईल, 'नवीन काम' नाही, आणि तिला दुरुस्तीची मुदत असेल. हे शब्द जसेच्या तसे घाला, नाही तर प्रत्येक लेबलासाठी वेगळं कोटेशन येईल.

एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्रही मागा, पण ते तपासणीच्या दिवशी साइट कशी होती ते सांगतं. दुसऱ्या दिवशी तिरकी स्कॅन चढवायला ते अडवत नाही. म्हणून निविदेत प्रशिक्षणाचं एक कलम टाका. ते संगणक विभागासाठी नको, कर, पाणीपुरवठा, जन्म-मृत्यू आणि समाजविकास विभागांतल्या टाइप करणाऱ्या लिपिकांसाठी हवं. बदल्या होत राहतात, तेव्हा ते दर सहा महिन्यांनी.